प्रोफेसर वॉलॉफ्स्कीचे बूट

मागच्या वर्षी मी तीन महिने बेंचवर होतो. आयटीत नसलेल्यांसाठी सांगतो: बेंचवर म्हणजे पगार चालू, काम बंद, आणि रोज सकाळी लॅपटॉप उघडून आपला पासवर्ड अजून चालतोय हे पाहिलं की हुश्श करायचं. ज्या टेक्नॉलॉजीवर मी पाच वर्षं घासली होती, ती क्लायंटने गुंडाळायची ठरवली होती. मॅनेजरने एका कोर्सची लिंक पाठवली आणि खाली एकच शब्द लिहिला, 'रीस्किल'. मी त्या कोर्सचा पहिला व्हिडिओ निम्मा पाहिला आणि दुसऱ्या टॅबमध्ये मॉन्टी पायथनचं 'मिनिस्ट्री ऑफ सिली वॉक्स' लावलं. हॉस्टेलवर आम्ही ते इतक्यांदा पाहिलं होतं की जॉन क्लीझसारखं चालत मेसला जाणं हा आमच्या विंगचा खेळच झाला होता.

ते संपलं आणि आपोआप पुढची क्लिप सुरू झाली. जुनी, खरखरीत. स्टेजवर एक पियानो. एक माणूस येतो. काळ्या घट्ट टाइट्स, आखूड कोट, मानेवर लोंबणारे तेलकट केस, आणि पायात अवाढव्य बूट. चेहरा मयताहून परत आल्यासारखा. तो पियानो वाजवायला आलाय हे त्याला माहीत आहे, लोकांनाही माहीत आहे. पण तो वाजवत नाही. चालतो. कंबर मागे काढून, गुडघे वाकवून, पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखा चालतो. मध्येच थांबतो आणि हसणाऱ्या लोकांकडे असं बघतो, की यांना झालंय तरी काय! पुन्हा स्टुलाकडे जातो. स्टूल काही जमत नाही. पुन्हा चालतो.

हा मॅक्स वॉल, आणि हे त्याचं सोंग म्हणजे प्रोफेसर वॉलॉफ्स्की. क्लीझच्या त्या चालीमागे कुणाचे पाय आहेत याचा विषय निघाला की ज्यांचं नाव हमखास येतं, तो हाच. मी तिथे थांबलो असतो. पण त्याच्याबद्दल वाचताना एक वाक्य समोर आलं आणि मी उठून बसलो: हा माणूस पुढे सॅम्युअल बेकेटच्या नाटकांतला नावाजलेला नट झाला. बेकेट! अर्थ लावता लावता ज्याच्यापुढे भले भले हात टेकतात तो बेकेट, आणि कंबर मागे काढून चालणारा हा माणूस. या दोघांना एकत्र कोणी आणि कसं आणलं, हे शोधण्यात बेंचचे बरेच दिवस गेले. कोर्स अजून निम्माच आहे.

मॅक्सचं खरं नाव मॅक्सवेल जॉर्ज लॉरिमर. जन्म १२ मार्च १९०८, लंडनच्या दक्षिणेला ब्रिक्स्टनजवळ. वडील जॅक लॉरिमर म्युझिक हॉलमधले स्कॉटिश विनोदवीर, आईही स्टेजवरची. म्हणजे आपल्याकडे तमाशाच्या फडात पोर जन्माला यावं, तसा प्रकार. १९१६मध्ये, पहिल्या महायुद्धात, झेपेलिनमधून टाकलेला बॉम्ब त्यांच्या घरावर पडला. धाकटा भाऊ आणि मुलांना सांभाळणारी बाई जागीच गेले. मॅक्स आणि मोठा भाऊ ज्या लोखंडी पलंगावर झोपले होते, त्या पलंगाच्या सांगाड्याने त्यांना वाचवलं. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. १९२०मध्ये वडील क्षयाने गेले. आईने दुसरं लग्न केलं, सावत्र वडिलांचं आडनाव वॉलेस. मॅक्सवेलमधला 'मॅक्स' आणि वॉलेसमधला 'वॉल' घेऊन पोराने आपलं नाव बनवलं. एकाचा पुढचा तुकडा, दुसऱ्याचा पुढचा तुकडा. आपण युजरनेम बनवतो तसं.

चौदाव्या वर्षी, १९२२मध्ये, तो एका फिरत्या कंपनीच्या 'मदर गूस' या पँटोमाइममध्ये स्टेजवर आला. सुरुवात विनोदाने नाही, नाचाने झाली. जाहिरातीत त्याच्या 'स्वतंत्र पायांचा' उल्लेख असायचा, म्हणजे मालकाचं न ऐकणारे पाय. पुढचं सगळं याच पायांवर उभं आहे.

इथे 'व्हरायटी' म्हणजे काय ते सांगायला हवं. कारण ते समजलं नाही तर पुढे काय बुडालं हेही समजणार नाही.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या दारूच्या गुत्त्यांना लागून गाण्याबजावण्याचे हॉल सुरू झाले. खाणं, पिणं, धूर आणि समोर गाणारा. तेच म्युझिक हॉल. पुढे टेबलं गेली, खुर्च्यांच्या रांगा आल्या, मोठमोठी 'एम्पायर' आणि 'हिपोड्रोम' नावाची थिएटरं उभी राहिली आणि त्याला व्हरायटी म्हणायला लागले. कॉलेजच्या गॅदरिंगमधलं विविध गुणदर्शन धंदेवाईक झालं आणि वर्षभर, रोज, रात्रीतून दोनदा चालू राहिलं तर जे होईल, ते. एक गायिका, एक जादूगार, एक कसरतवाला, एक शब्दभ्रमकार, मधे विनोदवीर. प्रत्येकाला मोजकी मिनिटं. पोस्टरवर नाव जितकं वर आणि जितकं मोठं, तितकी बिदागी जास्त. सोमवारी गाव सुरू, शनिवारी संपलं, रविवारी रेल्वेने पुढच्या गावाला. मुक्काम एखाद्या घरमालकिणीच्या भाड्याच्या खोलीत.

या धंद्याचं सगळं गणित एका गोष्टीवर होतं. दहा-बारा मिनिटांचा एक पक्का 'ॲक्ट' हाताशी असला की माणूस त्यावर वर्षानुवर्षं जगू शकायचा. या आठवड्यात लीड्सने पाहिला, पुढच्या आठवड्यात लिव्हरपूल पाहील. एकाच गावात पुन्हा जाईपर्यंत लोक तो विसरलेले असायचे, किंवा तोच पुन्हा बघायला आलेले असायचे. त्यामुळे तो ॲक्ट हजारो वेळा घासला जायचा. भुवई कधी उचलायची, किती क्षण थांबायचं, कुठे वळायचं, हे सगळं प्रेक्षकांनी शिकवलेलं. प्रेक्षकही सोपे नव्हेत. ग्लासगोचं एम्पायर तर इंग्लिश विनोदवीरांचं स्मशान म्हणूनच ओळखलं जायचं. रिलीज करा, बग येऊ द्या, त्याच रात्री दुरुस्त करा, दुसऱ्या खेळाला पुन्हा रिलीज. आमच्याकडे याला ॲजाइल म्हणतात आणि त्यासाठी सर्टिफिकेट देतात.

मॅक्स वॉल या जगात वर चढत गेला. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होता, १९४३मध्ये प्रकृतीच्या कारणावरून बाहेर पडला. मग रेडिओवर आला. ज्याचं सगळं भांडवल पायात, तो रेडिओवर! पण तिथे लोकांना त्याचा आवाज कळला. खर्जातला, थोडा कंटाळलेला, थोडा दुखावलेला. १९४६च्या 'अवर शेड' या कार्यक्रमाने त्याचं नाव घराघरात गेलं. याच काळात प्रोफेसर वॉलॉफ्स्की आकाराला आला.

त्या क्लिपकडे पुन्हा एकदा या. मी ती पंचवीसेक वेळा पाहिली असेल. आधी वाटलं, गंमत चालीत आहे. मग वाटलं, चेहऱ्यात आहे. आता वाटतं, ती उशिरात आहे. माणूस वाजवायला आलाय आणि वाजवत नाही. प्रेक्षक वाट बघतायत आणि त्याला ते पक्कं ठाऊक आहे. तो प्रत्येक वेळी स्टुलाच्या अगदी जवळ जातो, आता बसणार असं वाटायला लावतो, आणि काहीतरी निघतं. बाही, बूट, स्टूल. साधं काम, पण शरीर ते होऊ देत नाही. आणि त्याला त्याची लाज वाटते, पण ती लाज लोकांना दिसू द्यायची नाही. एवढंच. यात एकही जोक नाही.

१९५५ हे त्याचं शिखर. लंडनच्या कोलिझियम थिएटरात 'द पजामा गेम' हे अमेरिकन म्युझिकल आलं, त्यात त्याला हाइन्सची भूमिका मिळाली. पायजम्याच्या कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन फिरणारा, कामगार किती सेकंदांत काय करतात ते मोजणारा माणूस. (टाइमशीट भरणाऱ्या कुणालाही हा हाइन्स लगेच ओळखू येईल.) नाटक जोरात चाललं. आणि त्याच सुमारास तो बायकोला आणि पाच मुलांना सोडून जेनिफर चाइम्स या तरुणीबरोबर राहायला लागला. ती १९५५ची मिस ग्रेट ब्रिटन, वयाने त्याच्याहून कितीतरी लहान. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं! पहिल्या पानांवर मॅक्स वॉल. घटस्फोट झाला, १९५६मध्ये त्याने जेनिफरशी लग्न केलं, आणि कामं आटत गेली. पुढे हेही लग्न मोडलं.

त्याची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे एक सोपं वळण घेतात. ढोंगी समाजाने कलावंताला वाळीत टाकलं, आणि मग वीस वर्षांनी त्याच समाजाने त्याला डोक्यावर घेतलं. मला हे पुरतं पटत नाही, दोन कारणांनी.

एक म्हणजे, त्या वाक्यात पाच मुलं कुठे आहेत? प्रत्येक लेखात ती 'बायको आणि पाच मुलं' अशी एका दमात येतात आणि पुढच्या ओळीत नाहीशी होतात. वर्तमानपत्रांनी मिटक्या मारत लिहिलं हे खरं. पण जे कुटुंबवत्सल प्रेक्षक त्याच्यावर चिडले, ते सगळेच ढोंगी होते असं मी म्हणणार नाही. वडील लवकर गेलेला मुलगा स्वतः बाप झाल्यावर घर सोडतो, यात मानसशास्त्र शोधण्याचा मोह मलाही झाला. पण तो माझा अधिकार नाही.

दुसरं कारण माझ्या धंद्यातलं आहे. सिस्टम बंद पडली की आम्ही मूळ कारण शोधतो, आणि नवशिक्याची चूक एकच असते: जे शेवटचं घडलं, तेच कारण असं धरून बसणं. मॅक्स वॉलचं प्रकरण ज्या वर्षी गाजलं, त्याच वर्षी, सप्टेंबर १९५५मध्ये, ब्रिटनमध्ये आयटीव्ही हे खासगी चॅनल सुरू झालं. घरोघरी टीव्ही आधीच शिरले होते. दहा वर्षं पुरणारा ॲक्ट टीव्हीवर एका रात्रीत सगळ्या देशाने पाहून संपायचा. आणि ज्या माणसाला फुकटात घरी हसू मिळतं, तो पावसात तिकिटाच्या रांगेत का उभा राहील? चिझिक एम्पायर १९५९मध्ये बंद झालं. एजवेअर रोडवरचं मेट्रोपॉलिटन १९६३मध्ये. ग्लासगोचं ते स्मशान एम्पायरही १९६३मध्येच. मॅक्स वॉल आदर्श नवरा असता तरी त्याच्या पायांखालची स्टेजं गेलीच असती. त्याच्या पिढीतल्या कितीतरी जणांचं कुठलंही प्रकरण नव्हतं, आणि आज त्यांची नावंही कुणाला माहीत नाहीत.

या मरणावर एक नाटकही आलं. एप्रिल १९५७मध्ये रॉयल कोर्ट थिएटरात जॉन ऑस्बोर्नचं 'द एंटरटेनर'. त्यातला आर्ची राइस हा संपत आलेल्या व्हरायटीतला तिसऱ्या दर्जाचा विनोदवीर. भूमिकेत साक्षात लॉरेन्स ऑलिव्हिए. इंग्लंडचा सगळ्यात मोठा नट पडेल विनोदवीराची नक्कल करत होता आणि वाहवा मिळवत होता. आणि नेमक्या त्याच काळात एक खराखुरा विनोदवीर, आर्चीहून कितीतरी जास्त गुणी, क्लबांमधून मिळेल ते काम करत फिरत होता.

पहिलं दार उघडलं ते १९६६मध्ये, त्याच रॉयल कोर्टात. नाटक होतं आल्फ्रेड जारीचं 'उबू र्वा', १८९६मध्ये पॅरिसमध्ये पहिल्याच प्रयोगाला दंगा झालेलं. उबू म्हणजे ढेरपोट्या, भित्रा, खादाड, क्रूर राजा. नेपथ्य केलं डेव्हिड हॉकनीने, तेव्हा तो तिशीच्याही आतला चित्रकार होता. आणि उबू झाला मॅक्स वॉल. प्रायोगिक नाटकवाल्यांना अचानक कळलं की आपण कार्यशाळा घेऊन नटांना जे शिकवू पाहतोय, चेहरा न हलवता शरीराने बोलणं, ते या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आधीच येतं. मग १९७२मध्ये रॉयल कोर्टातच अर्नोल्ड वेस्करचं 'द ओल्ड वन्स'. त्याच वर्षी तो मॉट द हूपल या रॉक बँडबरोबर दौऱ्यावरही गेला. लांब केसांची पोरं, गिटार, आणि मधेच टाइट्समधला हा चौसष्ट वर्षांचा म्हातारा. असलं काही आपण आज पोस्टरवर पाहिलं तर मीम समजू.

आणि मग १९७४. ग्रिनिच थिएटरात 'द एंटरटेनर' पुन्हा आलं. दिग्दर्शक स्वतः ऑस्बोर्न. आर्ची राइस: मॅक्स वॉल.

याचा पीळ नीट बघा. ऑलिव्हिएला आर्ची वाईट विनोदवीर आहे हे अभिनयाने दाखवायचं होतं. मॅक्स वॉलचा प्रश्न उलटा. जो पन्नास वर्षं लोकांना हसवत आला, त्याने हसू न येणारा विनोदवीर कसा व्हायचं? टायमिंग जाणूनबुजून अर्ध्या क्षणाने चुकवायचं, रोज, न चुकता. हे वाचताना मला गाण्यातलं उदाहरण आठवत राहिलं: मुद्दाम बेसूर गायला आधी सूर पक्का लागतो.

पुढच्याच वर्षी, १९७५मध्ये, ग्रिनिचमध्येच त्याने बेकेटचं 'क्रॅप्स लास्ट टेप' केलं. हे नाटक वाचलं नसेल तर गोष्ट दोन ओळींची आहे. क्रॅप नावाचा एकोणसत्तर वर्षांचा एकटा माणूस. दर वाढदिवसाला तो त्या वर्षाबद्दल टेप रेकॉर्ड करत आलाय. आज तो एकोणचाळिसाव्या वर्षाची टेप काढून ऐकतो. त्यात तो तरुण, रुबाबात बोलणारा. एका बाईला सोडल्याचं सांगणारा, पुढे काहीतरी मोठं करणार याची खात्री असलेला. म्हातारा ऐकतो. शिव्या घालतो. टेप मागे घेतो, पुन्हा तोच तुकडा ऐकतो. संपलं.

बेकेटने ते लिहिलं पॅट्रिक मगी या आयरिश नटाचा आवाज रेडिओवर ऐकून, आणि १९५८मध्ये मगीनेच ते पहिल्यांदा केलं. १९७५चा मॅक्स वॉलचा प्रयोग दिग्दर्शित केला याच मगीने. ज्याच्या आवाजासाठी भूमिका लिहिली गेली, त्याने ती पायांच्या माणसाच्या हवाली केली.

आणि आता नाटकाच्या पहिल्याच पानावर या. बेकेटने क्रॅपचे कपडे बारकाईने लिहून ठेवलेत. आखूड पडणारी, घट्ट विजार. आणि पायात विचित्र पांढरे बूट, मळके, फार मोठे, अरुंद आणि टोकदार. पडदा उघडल्यावर बराच वेळ तो काही बोलत नाही. किल्ल्या चाचपतो, ड्रॉवर उघडतो, केळं काढतो, खातो, सालीवरून घसरतो.

मी ते पान वाचलं आणि क्लिप पुन्हा लावली. बूट. आखूड कपडे. करायला आलेलं काम लांबवत नेणारा माणूस. बेकेटने वॉलॉफ्स्की पाहिला होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण बेकेट म्युझिक हॉलचा, चॅप्लिन-कीटनच्या सिनेमांचा भक्त होता. १९६४मध्ये त्याने आपली एकमेव फिल्म केली ती म्हाताऱ्या बस्टर कीटनला घेऊन. म्हणजे जे बेकेटने व्हरायटीच्या जगातून उचललं, ते वीस वर्षं विद्यापीठांतून, प्रबंधांतून फिरून शेवटी जिथून निघालं होतं तिथेच आलं. त्याला सदुसष्ट वर्षांचा मॅक्स वॉल भेटला. आता त्याच्या गप्प राहण्याला 'अस्तित्ववादी' म्हणायला लागले. ग्लासगोत त्याच गप्प राहण्यावर लोक खेकसायचे.

मला वाटतं तो बदललाच नाही. 'विनोदवीर ते नट' असा प्रवास सांगणं सोयीचं आहे, पण तसा प्रवास झालाय असं मला दिसत नाही. सोडून आलेल्या बाईबद्दल टेपवर ऐकणारा एकटा म्हातारा: त्याला हे कुठून आणावं लागलं असेल, हे मात्र ज्याचं त्याने ठरवावं. १९५६ची वर्तमानपत्रं वाचलेले काही जण त्या प्रेक्षागृहात बसलेले असणारच.

१९८०मध्ये मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंज थिएटरात त्याने 'वेटिंग फॉर गोदो'मधला व्लादिमीर केला. (या वेळी बुटाशी झटापट दुसऱ्याच्या वाट्याला, मॅक्सकडे टोपी.) सिनेमेही मिळत गेले. टेरी गिलियमच्या 'जॅबरवॉकी'त, १९७७मध्ये, तो पडक्या किल्ल्यातला राजा आहे, बोलताना वरून चुना-माती पडत राहते आणि त्याचा चेहरा ढिम्म. १९८७च्या सहा तासांच्या 'लिटल डॉरिट'मध्ये, डिकन्सच्या कादंबरीवरच्या, तो फ्लिंटविंच हा कुबट, कुढा नोकर आहे. वेळ काढून बघा. मालिकांमधली किरकोळ कामंही त्याने केली. ऐंशीच्या जवळ आल्यावर क्रॅप पुन्हा केला, म्हणजे क्रॅपहून म्हातारा होऊन.

मे १९९०मध्ये लंडनच्या स्ट्रँडवरच्या सिम्पसन्स या रेस्टॉरंटमध्ये तो पडला. कवटीला मार बसला, शुद्धीवर आलाच नाही, आणि गेला. वय ब्याऐंशी. हायगेटच्या दफनभूमीत त्याला पुरलंय.

माझा बेंच संपला, नवीन प्रोजेक्ट मिळालं, ते काही भारी नाही. परवा रात्री जेवताना क्लिप पुन्हा लावली होती. रूममेट माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याने कधी मॅक्स वॉलचं नाव ऐकलेलं नाही. तो हसला, मग गप्प झाला, मग ताट घेऊन शेजारी बसला. प्रोफेसर तिसऱ्यांदा स्टुलाकडे निघाला होता.

"हा वाजवणार कधी?" त्याने विचारलं.

"थांब," मी म्हणालो.